ठाणे-नवी मुंबईतल्या गल्लीबोळातल्या छोट्या बेकऱ्या : कधी जायचं, काय विचारायचं, पाव कसा पारखायचा

नौपाडकर :

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत हाताने पाव करणाऱ्या छोट्या बेकऱ्या आहेत, पण बाहेरून त्या कळत नाहीत. पाटी नसते, काउंटर असलाच तर दोन फुटांचा. कोणी जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, कोणी वागळे इस्टेटच्या गाळ्यात, कोणी नेरूळकडच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीत भट्टी लावलेली असते. तिथे पहिल्यांदा जाणारी बरीच माणसं रिकाम्या हाताने परत येतात किंवा चुकीची वस्तू घेऊन येतात. म्हणून हा धागा.

एक विनंती. दुकानाचं नाव-पत्ता इथे उघड टाकू नका. यातल्या कित्येक जागा सोसायटीत आहेत, एका वेळी भट्टीत पाच-सहा पाव मावतात, आणि अचानक पन्नास माणसं दाराशी आली तर शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. ठिकाण हवं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. इथे जाणकारीचं बोलू.

सुरुवात वेळेपासून, कारण सगळं तिथेच अडतं. शनिवारी सकाळी दहाला खमिराचा पाव (सावरडो, म्हणजे यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगवलेला) हवा असेल तर बेकरीचं काम गुरुवारी रात्री दहाला सुरू होतं. रात्री विरजण, म्हणजे आधीचं आंबवून राखलेलं पीठ, वाढवायला ठेवतात. शुक्रवारी पहाटे सहाच्या सुमारास ते फसफसून वर येतं, मग पीठ भिजवायचं, साडेतीन-चार तास आंबवायचं, गोळे वळून टोपल्यांत घालायचे आणि दुपारी फ्रिजमध्ये टाकायचे. शनिवारी पहाटे पाचला भट्टी तापते. एक खेप पाऊण तासाची. तीन खेपा होईपर्यंत आठ वाजतात आणि पाव निवायला दोन तास. झाले छत्तीस तास. त्यामुळे "उद्या सकाळी दोन पाव मिळतील का?" याला "नाही" हे उत्तर आलं तर त्यात आखडूपणा नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं, आणि शुक्रवारी सकाळनंतर रद्द करायचं नाही, कारण तोवर तुमच्या नावाचं पीठ भिजलेलं असतं.

खाडीपलीकडे :

उत्तम विषय. पत्त्याबद्दल भर घालतो, कारण नकाशावरची खूण या जागांच्या बाबतीत हमखास दगा देते.

वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. रोड नंबर १६ आणि रोड नंबर २२ हे दोन वेगळे भाग आहेत. "वागळेत या" एवढ्यावर निघू नका. रोड नंबर, इस्टेटीचं नाव, गाळा नंबर आणि फाटक पुढचं की मागचं, हे चारही विचारा. पुष्कळ गाळ्यांची चढ-उताराची बाजू मागे असते आणि बेकरीचं दार तिकडेच उघडतं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला बेकरीचं नाव सांगून उपयोग नाही, रोड नंबर सांगा.

नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर. इथे चूक होते ती नोडची, म्हणजे वाशी, नेरूळ अशा उपनगराची. "सेक्टर ८" वाशीतही आहे, नेरूळलाही आहे, ऐरोलीलाही आहे. आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट. ट्रान्स-हार्बर लोकलने येणार असाल तर ठाण्याला फलाट ९, १० आणि १०अ. गाडी वाशीची आहे की पनवेलची हे बघून बसा. तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते आणि पनवेलची जुईनगर-नेरूळकडे जाते.

आणि सोसायटीत असेल तर वॉचमनच्या वहीत "बेकरी" लिहू नका, फ्लॅट नंबर लिहा. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका. पहाटे चारला उठलेली माणसं तेव्हा झोपतात.

गव्हाची_ओंबी :

मला विचारायचंय की साधा लादीपावही अशा ठिकाणी घ्यावा का? की तो नेहमीच्या बेकरीतलाच बरा?

नौपाडकर :

लादीपाव नेहमीच्या बेकरीतूनच घ्या. त्याचं पीठ यीस्टवर दीड-दोन तासांत तयार होतं, दिवसातून दोनदा भट्टी लागते, पहाटे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास. मिसळीला, वड्याला तोच लागतो. लुसलुशीत, तर्री चटकन शोषणारा. मामलेदारच्या मिसळीसोबत खमिराचा जाड सालीचा पाव ठेवणं म्हणजे दोघांवर अन्याय.

छोट्या बेकरीत जायचं ते तीन गोष्टींसाठी : खमिराचा पाव, लोण्याच्या पदरांचं क्रोसाँ, आणि वेगवेगळ्या धान्यांचे पाव. बाकी केक-कुकीज सगळीकडे मिळतात.

आंबवण :

पाव पारखण्याबद्दल लिहिते. आपल्या हवेत काय बिघडतं हे कळलं की पाव हातात घेताक्षणी निम्मं समजतं.

परदेशी पाककृतीत "पीठ पाच-सहा तास आंबवा" असं असतं ते २४ अंशांच्या स्वयंपाकघराला धरून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली ३२-३३ अंशांवर असते. तेवढं विरजण घालून तेच पीठ तीन तासांत पूर्ण होतं आणि चौथ्या तासाला हाताबाहेर जातं. म्हणून इथला जाणता बेकर पिठाचं तापमान पाण्याने आवरतो. हिशोब सोपा आहे. पीठ भिजल्यावर २५ अंशांवर हवं, तर २५ गुणिले ४ (खोली, कोरडं पीठ, विरजण आणि पाणी, असे चार) म्हणजे १००. त्यातून खोली ३१, कोरडं पीठ ३०, विरजण २८ आणि मळण्याच्या घर्षणाचे ४ वजा करा. उरले ७. पाणी ७ अंशांचं हवं, म्हणजे बर्फ घालणं आलंच. बेकरीत बर्फाची पेटी दिसली तर खुशाल समाधान माना.

दुसरा इलाज म्हणजे विरजण कमी करणं. थंडीत मैद्याच्या २० टक्के घालत असतील तर मेमध्ये १० ते १२ टक्के. आणि पीठ दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही, तिसरा हिस्सा ते निम्मं फुगलं की वळायला घ्यायचं, कारण फ्रिजमध्ये गेल्यावरही गोळ्याचं पोट गार व्हायला दोन-तीन तास लागतात आणि तोवर ते आंबतच राहतं.

आता पाव बघा. जास्त आंबलेला पाव चपटा पसरतो, वरचा चिरा उघडत नाही, आणि साल फिकट राहते. पिठातली साखर जंतूंनी खाऊन टाकलेली असते, मग लालसर रंग यायला काही उरत नाही. वास तीव्र आंबूस. कमी आंबलेल्याची खूण उलटी : आत दोन-तीन मोठी भुयारं आणि त्यांच्या भोवती दडस, गिचका भाग. फोटोत मोठी भोकं फार छान दिसतात, पण ती चांगल्या पावाची खूण नव्हे. जाळी लहानमोठी असावी, पण सगळीकडे पसरलेली असावी आणि भोकांच्या भिंती पातळ, किंचित चकाकणाऱ्या असाव्यात.

सालीवर बारीक फोड आले असतील तर तो रात्रभर थंडीत राहिला असण्याची शक्यता मोठी. तळ पालथा करून बघा. तळ फिकट असेल तर भट्टीचा दगड नीट तापला नव्हता. बोटाने वाजवला की पोकळ आवाज यायला हवा.

कणीदार :

+१. वजनाचंही सांगा. ५०० ग्रॅम मैदा, ३५० पाणी, १०० विरजण, १० मीठ, म्हणजे ९६० ग्रॅमचा गोळा. भट्टीत १२ ते १५ टक्के पाणी उडतं. हातात येतो तो साधारण ८२०-८४० ग्रॅमचा पाव. काही ठिकाणी गोळ्याचं वजन सांगतात, काही ठिकाणी भाजलेल्याचं. भाव ताडून बघताना आधी हे विचारून घ्या, नाहीतर विनाकारण एक महाग आणि दुसरा स्वस्त वाटेल.

घोडबंदर_रोड :

"सावरडो" असं लिहून यीस्ट घालणारे आहेत त्यांचं काय? ही सरळ फसवणूक नाही का?

आंबवण :

सांगून घातलं तर नाही. विरजणासोबत चिमूटभर यीस्ट, म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला अर्धा-एक ग्रॅम, ही जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे. वेळेचा भरवसा येतो, आणि पाव थोडा हलका होतो. आंबटपणाही कमी, आपल्याकडे पुष्कळांना तेच आवडतं.

फसवणूक तेव्हा, जेव्हा दोन तासांत यीस्टवर फुगवलेल्या पिठात आंबट चवीची पूड किंवा व्हिनेगर घालून तो "अठ्ठेचाळीस तासांचा" म्हणून विकतात. घटकांची यादी मागा. यादीत वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचं असतं. खऱ्या खमिराच्या साध्या पावाच्या यादीत पीठ, पाणी, मीठ, विरजण यापलीकडे काही नसतं. २८२ हा क्रमांक दिसला तर ते कॅल्शियम प्रोपियोनेट, बुरशी रोखणारं. मान्यताप्राप्त आहे, पण सकाळी भाजून संध्याकाळी संपणाऱ्या पावात त्याची गरज काय, हे विचारायला हरकत नाही.

तुर्भे_लोकल :

आणि ब्राउन ब्रेडच्या यादीत १५० दिसला तर तो कॅरेमलचा रंग. पहिला घटक मैदा आणि पुढे १५० असेल तर तो रंगवलेला मैदा आहे, गव्हाचा पाव नव्हे.

पोटॅशियम ब्रोमेटबद्दल अजून निरोप फिरत असतात. त्याला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्येच बंदी घातली आहे. त्या भीतीने छोट्या बेकरीकडे जायची गरज नाही, चवीसाठी जा.

गव्हाची_ओंबी :

मग शंभर टक्के गव्हाचा खमिराचा पाव मिळतो का? घरी पोळीच्या कणकेचा करून पाहिला की आत गिचका राहतो, असं पुष्कळ जण लिहितात. बेकरीत तो कसा जमतो?

आंबवण :

जमतो, पण खटपट आहे आणि म्हणूनच बऱ्याच बेकऱ्या तो ठेवत नाहीत. कारण जात्यात आहे. पोळीसाठी आपण गहू दगडी चक्कीवर बारीक दळतो, त्यात स्टार्चचे कण बरेच फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी भरपूर पितो, म्हणून पोळी मऊ होते. पण पावाच्या लांब आंबवणीत पिठातली विकरं (एन्झाइम) याच फुटलेल्या स्टार्चवर तुटून पडतात, त्याची साखर करतात, आणि धरलेलं पाणी सुटतं. मग आतला भाग कितीही भाजा, सुरीला चिकटतो.

शिवाय लोकवन किंवा सिहोरचा गहू आपण पोळीसाठी घेतो तो मऊपणासाठी. पावाला ताण लागतो. कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी कापतात ते वेगळंच.

बेकर यावर काय करतात : पाणी ७५ ते ८० टक्के घेतात, पण आंबवण छोटी ठेवतात, अडीच-तीन तास. पीठ आणि पाणी आधी अर्धा तास नुसतं भिजवून ठेवतात, म्हणजे कोंडा मऊ होतो. साच्यात भाजतात, कारण उघडा ठेवला तर पसरतो. आणि मैद्याचा पाव आत ९६ अंशांवर काढतात तिथे हा ९८-९९ पर्यंत नेतात. काही जण १०० ग्रॅम पिठाला ३-४ ग्रॅम शुद्ध ग्लुटेन घालतात. त्यात वाईट काही नाही, यादीत लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

हा पाव लगेच कापायचा नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कापा. राय (rye) या धान्याचा तर चोवीस तास थांबूनच. मैद्याचाही दोन तासांआधी नको. गरम पाव कापला की आतला स्टार्च अजून घट्ट व्हायचा असतो, आणि चांगला भाजलेला पावही कच्चट लागतो. बेकरीत उभ्या उभ्या "गरम आहे, कापून द्या" म्हणणाऱ्याला बेकर नकार देतो तो यामुळेच. ऐका त्याचं.

कणीदार :

खपलीबद्दल एक. सांगली-साताऱ्याकडची खपली, म्हणजे जुन्या जातीचा गहू, हल्ली सगळ्यांना पावात हवी असते. तिच्यात ग्लुटेन आहे, पण कमजोर. नुसत्या खपलीचा पाव विटेसारखा बसतो. ३० ते ४० टक्के खपली आणि बाकी ताकदीचं पीठ हे प्रमाण चवीलाही बरं आणि फुगायलाही. नुसत्या खपलीचा "हलकाफुलका" पाव कोणी देत असेल तर यादी नक्की वाचा.

नाचणी-ज्वारीचं वेगळं. त्यांत ग्लुटेन अजिबात नाही. कोरडं पीठ मिसळलं तर पाव भुसभुशीत होतो. चांगली पद्धत म्हणजे उकड. एकूण पिठाच्या १० ते १५ टक्के नाचणी घ्यायची, तिच्या दुप्पट-अडीचपट उकळत्या पाण्यात उकड काढायची, पूर्ण निववायची आणि मग मैद्यात मिसळायची. ते पाणी एकूण पाण्यात धरायचं. असा पाव दोन दिवस मऊ राहतो. बेकरीत "नाचणी कोरडी घालता की उकडून?" एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं.

सायली_पाचपाखाडी :

सीलिॲक (ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार) असलेल्या मुलासाठी नाचणीचा पाव अशा ठिकाणाहून घेतला तर चालेल का?

कणीदार :

ताई, नाही. त्याच खोलीत मैदा उडत असतो. ओटा, टोपल्या, भट्टीचा दगड, सगळ्यावर गव्हाचं पीठ असतं. नाचणीचा पाव स्वतः ग्लुटेनमुक्त असला तरी तो त्या खोलीत तसा राहत नाही. ज्या जागेत गहू येतच नाही अशाच ठिकाणचा घ्या. बेकर कितीही चांगला आणि प्रामाणिक असला तरी हवेतल्या पिठाला तो थांबवू शकत नाही.

घोडबंदर_रोड :

आणि मधुमेहींना खमिराचा पाव "चालतो" असं बेकरीवाले सांगतात...

आंबवण :

मैद्याचा खमिराचा पाव हा मैद्याचाच पाव आहे. आंबवल्याने साखर चढण्याचा वेग काहीसा कमी होऊ शकतो, पण कर्बोदकं नाहीशी होत नाहीत. तुकडा मोजून खा आणि डॉक्टरांना विचारा. बेकरीने औषधाची भाषा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुर्भे_लोकल :

क्रोसाँबद्दल कोणी लिहिलं नाही. हवामानाने सर्वांत जास्त छळलेला पदार्थ तोच.

पीठ आणि लोणी यांचे पदर. लोण्याची लादी पिठात गुंडाळून लाटायची, तीन घड्या घालायच्या, अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये, पुन्हा लाटायचं. असं तीनदा केलं की ३ गुणिले ३ गुणिले ३, लोण्याचे २७ पदर. हे जमायला लोणी १३ ते १६ अंशांवर लागतं : वाकेल, पण मोडणार नाही आणि वितळणारही नाही. त्याहून गार असेल तर लाटताना तुकडे पडतात आणि पदर तुटतात. गरम झालं तर पिठात मुरतं आणि क्रोसाँचा गोड पाव होतो. म्हणून लाटायची खोली एसीवर १८-२० अंशांत ठेवावी लागते. तशी खोली नसेल तर बेकर मे महिन्यात क्रोसाँ बंद ठेवतो किंवा पहाटे तीनला लाटतो. "उन्हाळ्यात क्रोसाँ नाही" असं कोणी म्हणालं तर त्याच्या बाकीच्या मालावर माझा विश्वास वाढतो.

शेवटचं फुगवणंही २६-२७ अंशांतच. २८ च्या वर गेलं की ट्रेमध्ये लोण्याचं तळं साचतं, आणि मग क्रोसाँचा तळ तळल्यासारखा तेलकट होतो. विकत घेताना उचलून तळ बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. आडवं कापल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे.

लोणी की मार्जरीन, हे जिभेला कळतं. लोणी तोंडात वितळून जातं, मार्जरीनचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो. खारीत तो थर आपल्या ओळखीचा असतो. तेलातुपातल्या ट्रान्सफॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा प्रश्न मुख्यतः चवीचा आणि भावाचा. पण लोण्याचे पैसे घेऊन मार्जरीन देऊ नये.

सगळं मिळून क्रोसाँचे तीन दिवस होतात. पहिल्या दिवशी पीठ, दुसऱ्या दिवशी पदर, तिसऱ्या दिवशी पहाटे फुगवून भट्टीत. सकाळी आठ-नऊला घ्या. दुपारी चारला घेतलेलं क्रोसाँ पावसाळ्यात सादळलेलं असणार, त्याला बेकर काही करू शकत नाही.

सायली_पाचपाखाडी :

अंडं न खाणाऱ्यांनी काय विचारायचं? "एगलेस" म्हटलं की पुरतं का?

तुर्भे_लोकल :

पुरत नाही. क्रोसाँच्या पिठात बहुधा अंडं नसतं, पण चकाकीसाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. "वरून काय लावता?" हे वेगळं विचारा. आधी सांगितलं तर दूध किंवा साय लावून देतात, चकाकी कमी येते एवढंच. ब्रिऑशमध्ये, म्हणजे फ्रेंच लोण्याच्या पावात, अंडं मुळातच भरपूर. फळांच्या टार्टवर जी पारदर्शक चकाकी असते तिच्यात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असू शकतं, तेही विचारा. पाकिटावरच्या खुणेत अंडं मांसाहारात धरतात, त्यामुळे तपकिरी त्रिकोण दिसला म्हणजे मांसच आहे असं नाही.

एकाच ब्रशने दोन्ही ट्रेंना हात फिरवतात का, हा प्रश्नही ज्यांना कडक पाळायचं आहे त्यांनी विचारावा. शांतपणे विचारलं तर कोणी रागावत नाही.

नौपाडकर :

परवान्याचं राहिलं. घरगुती असो वा गाळ्यातली, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवाच, आणि तो बिलावर छापलेला असायला हवा. नुसती व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. क्रमांक मागायला संकोच करू नका.

विळे_कोयते :

इराणी बेकरीतल्या ब्रुनला, म्हणजे कडक सालीच्या पावाला, जी चव आहे ती या विजेच्या भट्टीत येत नाही, हे मान्य करा की. लाकडावरचा पाव तो लाकडावरचा.

आंबवण :

दादा, ब्रुनचं प्रेम मान्य, पण कारण दुसरं आहे. त्या भट्टीत चव धुराची नसते. लाकूड जाळून विटांचं जाडजूड पोट तापवतात, निखारे बाजूला सारतात, आणि विटांनी साठवलेली उष्णता पावाला तळातून आणि वरून एकदम मिळते. दार उघडलं तरी तापमान फारसं पडत नाही. त्याने साल जाड आणि कडक होते. ब्रुनच्या पिठात दूध-लोणी नसतं, तेही सालीच्या पथ्यावर पडतं.

हेच काम जाड दगडाची विजेची डेक भट्टी करते, जर बेकरने ती निदान एक तास २५० अंशांवर तापू दिली असेल आणि पहिली वीस मिनिटं वाफ दिली असेल. वाफेने साल ओली राहते, पाव पूर्ण फुगतो, मग वाफ सोडून कोरड्या उष्णतेत साल भाजायची. घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) हे कमी पडतं, कारण पत्रा पातळ आणि वाफ फटीतून निघून जाते. म्हणून तिथे झाकणाच्या बिडाच्या भांड्यात भाजतात.

आणि लाकडाचा जमाना तसाही सरतोय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. हवेचा विचार करता ते योग्यच आहे. भट्टीची जुनी विटांची रचना ठेवून गॅसचा बर्नर बसवला तर पावाची साल बरीचशी टिकते, असं मला वाटतं. खरा घाटा होतो तो विटा काढून पातळ पत्र्याची फिरती भट्टी बसवल्याने.

विळे_कोयते :

हे पटलं. विटांचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

खाडीपलीकडे :

आता आणायचं कसं. बेकरीतून निघताना पाव हाताला कोमट लागत असेल तर प्लास्टिकमध्ये अजिबात नको. वाफ आत कोंडते, साल वातड होते, आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुरशी. कागदी पिशवी, आणि वरून जाड कापडी पिशवी. कापडी स्वतःची न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच. लोकलने येणार असाल तर गर्दीच्या वेळी पाव बॅगेत आडवा ठेवू नका, ताजा पाव दाबला गेला की जाळी बसते आणि पुन्हा वर येत नाही. फळीवर ठेवा. क्रोसाँसाठी पोळीचा मोठा डबा, झाकण किंचित उघडं.

गव्हाची_ओंबी :

घरी आल्यावर फ्रिजमध्ये?

आंबवण :

फ्रिजमध्ये नाहीच. ० ते ५ अंशांच्या आसपास स्टार्च सर्वांत वेगाने शिळा होतो, म्हणजे बाहेर दोन दिवसांत येणारा कडकपणा फ्रिजमध्ये एका दिवसात येतो. दोन मार्ग आहेत. आज-उद्या संपणार असेल तर कापलेली बाजू पोळपाटावर पालथी टाकून वरून सुती फडकं. नाहीतर पूर्ण निवल्यावर काप करा, दोन-दोन काप वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. महिनाभर उत्तम राहतात. काढल्यावर वितळायची वाट बघू नका. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, काप थेट टाका, कडेला चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा, मिनिटाने उलटा, मग झाकण काढून खरपूस होऊ द्या.

अख्ख्या पावाची साल सादळली असेल तर ओटीजी २०० अंशांवर तापवून सहा-आठ मिनिटं.

सायली_पाचपाखाडी :

ज्येष्ठांना कडक साल चावत नाही. त्यांच्यासाठी काय घ्यावं?

कणीदार :

साच्यातला दूध-पाव मागा. काही बेकर पिठाच्या ५ टक्के पीठ पाचपट पाण्यात ६५ अंशांपर्यंत शिजवून त्याची खळ मुख्य पिठात घालतात, तो पाव तीन दिवस मऊ राहतो आणि दाताला लागत नाही. खमिराचाच हवा असेल तर काप इडलीच्या कुकरमध्ये शिट्टी न लावता दोन मिनिटं वाफवा. साल मऊ पडते, चव तशीच राहते.

घोडबंदर_रोड :

पावसाळ्यात एक पाव दुसऱ्या दिवशी आतून चिकट, तारा सुटणारा आणि पिकल्या खरबुजासारख्या वासाचा निघाला, असं एकाने विचारलंय. बुरशी मात्र कुठे नाही. हे काय?

आंबवण :

फेकून द्यायला सांगा, काही झालं तरी खायचा नाही. हा बॅसिलस जातीच्या जंतूंचा रोग आहे. त्यांचे बीजाणू पिठात, मातीत असतात आणि भट्टीत मरत नाहीत, कारण पावाचं पोट १०० अंशांच्या वर कधी जातच नाही. ३० अंशांच्या वरची दमट हवा आणि हळू निवलेला, ओलसर पाव मिळाला की ते जागे होतात. आधी गोड फळासारखा वास, मग आतला गर पिवळट, ओढला की तारा.

खमिराच्या पावात हा क्वचित दिसतो, कारण त्याचा आंबटपणा, म्हणजे पीएच ५ च्या खाली, या जंतूंना वाढू देत नाही. यीस्टच्या गोडसर पावात जास्त. एका ग्राहकाला झालं तर त्या दिवशीच्या सगळ्या खेपेला होऊ शकतं, म्हणून बेकरीला लगेच कळवायला सांगा, भाजल्याची तारीख आणि पावाचा प्रकार लिहून, शक्य तर फोटोसह. त्यांना ट्रे, सुऱ्या, टोपल्या, ओटा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्यावे लागतील, ती पिठाची गोणी बाजूला काढावी लागेल, आणि निवायची जाळी पंख्याखाली आणावी लागेल. घरी तो पाव ज्या डब्यात होता तो गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसा आणि उन्हात वाळवा. त्याच डब्यात दुसरा पाव लगेच ठेवला तर तोही जाईल.

घोडबंदर_रोड :

कळवतो. पाव यीस्टचाच होता, दुधाचा.